एप्रिल-मेमध्ये फेरिटिनची एलायझा प्लेट का फसते? कडेचे वेल, कूलरचा झोत आणि स्टँडर्डची जागा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल. जानेवारी-फेब्रुवारीत बिनबोभाट चालणारी फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा सांगणाऱ्या प्रथिनाची) एलायझा, म्हणजे प्लेटवरच्या ९६ छोट्या खळग्यांत रंगाच्या गडदपणावरून मोजणारी चाचणी, मार्च संपता संपता कुरकुरायला लागते. एकाच नमुन्याच्या दोन जोड वेलमधला (खळग्यांमधला) फरक वाढतो. वरच्या स्टँडर्डचा (फेरिटिनचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावाचा) ओडी, म्हणजे रंगाच्या गडदपणाचा आकडा, रीडरच्या मर्यादेला जाऊन टेकतो. कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा किती यायला हवा हे ठाऊक असलेला तपासणीचा नमुना, खाली बसतो आणि त्याची नवी बाटली फोडली तरी तिथेच राहतो. पेशंटचे आकडे एकूणच कमी येतात, मग वॉर्डातून फोन येतो की सगळ्यांचंच लोह एकाच आठवड्यात कसं काय संपलं. किटचा लॉट (खेप) बदलला जातो, कंपनीचा माणूस येऊन जातो, फरक पडत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की दुखणं आपोआप बरं होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उभं राहतं.

नागपुरात ज्या ज्या लॅबमध्ये हे पाहिलं तिथे पहिलं वाक्य एकच ऐकलं : "सर, किटच खराब आलं वाटते." किट खराब असूही शकतं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण बहुतेक वेळा उत्तर त्याच प्लेटवर असतं. ते दिसत नाही, कारण सॉफ्टवेअर थेट नॅनोग्रॅमचे आकडे छापतं आणि आपण तेवढेच वाचतो.

आधी कच्चे ओडी बघा

रीडरमधून ४५० नॅनोमीटरचे ओडी काढा, ६२० किंवा ६३० चे वजा करा, आणि ते प्लेटच्याच मांडणीत, म्हणजे ए ते एच या आठ ओळी आणि १ ते १२ स्तंभ अशा चौकटीत एक्सेलमध्ये ठेवा. कमी आकडा फिका, जास्त आकडा गडद, असा रंग भरा. स्टँडर्डची उतरंड आणि पेशंटचा चढउतार असतोच, म्हणून एका प्लेटवरून निष्कर्ष काढू नका. जोड वेलमधला फरक वेगळा काढून तोही असाच मांडा. तीन-चार प्लेट शेजारी शेजारी ठेवल्या की काही आकृत्या पुन्हा पुन्हा दिसतात : चारी बाजूंनी गडद चौकट, डावीकडून उजवीकडे हळूहळू चढ, सगळीच प्लेट मळकट, सगळीच फिकी, किंवा कुठेही काहीही. प्रत्येक आकृतीचं कारण वेगळं असतं. आकृती न बघता उपाय सुरू केला तर किटचे पैसे जातात आणि हाती काही लागत नाही.

यात उष्णता कुठून येते ते समजायला परीक्षेची रचना दोन ओळींत आठवू. वेलच्या तळाला फेरिटिन पकडणारी अँटिबॉडी चिकटवलेली असते. नमुन्यातलं फेरिटिन तिला अडकतं, त्यावर एचआरपी एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी (हाच कंज्युगेट) बसते, धुऊन झाल्यावर टीएमबी हे रंग देणारं रसायन घातलं की निळा रंग येतो, आम्ल घातलं की तो पिवळा होऊन थांबतो. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंगव्हाल आणि पर्लमन यांनी किरणोत्सारी खुणेच्या जागी एन्झाइम वापरून ही पद्धत मांडली. सोय मोठी झाली. पण किरणोत्सारी आयोडीनच्या विघटनाला खोलीच्या तापमानाशी काही देणंघेणं नव्हतं, एन्झाइमला आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. किटच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान म्हणून साधारण १८ ते २५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर ४५, आणि पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत एसी सुरू असूनही टेबलावर ३० च्या वर. त्यात वीज गेली तर विचारायलाच नको.

तरी नुसती उष्णता हा खरा गुन्हेगार नाही. संपूर्ण प्लेट सारखीच गरम असेल तर स्टँडर्डचा रंगही तेवढाच चढतो, पेशंटचाही चढतो, आणि स्टँडर्डच्या ओडीवरून काढलेला वक्र, ज्यावर पेशंटचा आकडा वाचतात, तो फरक बऱ्यापैकी पोटात घालतो. फार झालं तर वरचे स्टँडर्ड रीडरच्या बाहेर जातात, तेव्हा टीएमबीची वेळ माहितीपत्रकाच्या मर्यादेत राहून कमी करावी लागते. बिघाड होतो तो प्लेटच्या एका भागाला एक तापमान आणि दुसऱ्याला दुसरं मिळालं की.

गडद चौकट

९६ पैकी ३६ वेल कडेला असतात. फ्रिजमधून काढलेली प्लेट, किंवा ४ अंशांचा कंज्युगेट नुकताच भरलेली प्लेट, ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली की हे ३६ वेल आधी तापतात आणि मधले ६० मागे राहतात. एक तासाच्या टप्प्यात हा फरक पुष्कळसा भरून निघतो, १५ मिनिटांच्या टीएमबीत निघत नाही. म्हणून चौकट उमटते. एकावर एक तीन प्लेट रचल्या असतील तर मधल्या प्लेटचं पोट सगळ्यात थंड राहतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात याच्या जोडीला कोरडी हवा येते. मे महिन्यातल्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. झाकण नीट न बसलेल्या प्लेटच्या कडेचं पाणी अशा हवेत भराभर उडतं. नमुना किंवा कंज्युगेटच्या टप्प्यात पाणी उडालं तर उरलेला द्राव दाट होतो आणि तिथे जास्त बंध बसतात. रंग पूर्ण चढून आम्ल घातल्यावर थोडं पाणी उडालं तर मात्र फारसं बिघडत नाही, कारण रीडर प्रकाश वरून खाली सोडतो : द्राव दाट झाला, पण त्याची उंचीही तेवढीच कमी झाली, हिशेब जवळपास सारखाच. त्यामुळे वाचनाला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून हळहळणाऱ्यांनी आधीच्या टप्प्यांतलं झाकण बघावं.

उलटी, म्हणजे फिकी चौकटही येते. पाणी उडताना कडेचे वेल थंड करतं. बाहेरून ३४ अंशांच्या खोलीतून आलेली प्लेट एकदम २० अंशांच्या एसीखाली ठेवली तरी कड आधी गार होते. आणि कूलर! खसच्या टाट्यांतून येणारा झोत प्लेटवर एकाच बाजूने लागला तर चौकटीऐवजी एकच कड फिकी दिसते. अशी प्लेट पाहिली की मी पहिल्यांदा विचारतो, कूलर कोणत्या बाजूला आहे? माणसांना कूलर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण उघडी प्लेट त्याच्या वाऱ्यात नको.

स्टँडर्ड नेमके त्याच कडेला

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथेच एका स्थानिक दोषाचा सगळ्या पेशंटवर परिणाम होतो. सवयीने आपण स्टँडर्ड पहिल्या स्तंभापासून लावतो. पहिला स्तंभ म्हणजे अख्खाच्या अख्खा कडेचा. समजा कडेच्या वेलचा ओडी मधल्यांपेक्षा १२ टक्के जास्त येतोय. किटचे पैसे वाचवायला स्टँडर्ड एकेरी लावले आहेत आणि ते सगळे पहिल्या पट्टीत (आठ वेलच्या सुट्या स्तंभात) आहेत. ज्या स्टँडर्डचा ओडी १.०० यायचा तो १.१२ आला. आता मधल्या भागातला पेशंट, ज्याचं फेरिटिन खरोखर १६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, त्याचा ओडी बरोबरच आला, पण तो फुगलेल्या वक्रावर वाचला गेला. वक्राच्या सरळ भागात १६ भागिले १.१२, म्हणजे सुमारे १४.३. प्रौढांमध्ये, संसर्ग किंवा दाह नसताना, जागतिक आरोग्य संघटना लोहाच्या कमतरतेची रेषा १५ वर ओढते. पेशंट रेषेच्या खाली गेला, आणि त्याच्या रक्तात काहीच बदललेलं नाही.

कंट्रोल खाली का बसतो तेही यातच आलं. तो बहुधा पेशंटसोबत मधल्या भागात असतो. त्याची नवी बाटली फोडून काय होणार?

स्टँडर्ड जोडीने, १ आणि २ अशा स्तंभांत लावले असतील तर सरासरीत दोष साधारण निम्मा राहतो आणि स्टँडर्डच्या जोडीत मात्र फरक दिसतो. पहिला स्तंभ दर वेळी दुसऱ्यापेक्षा वर असेल तर तो पिपेटचा योगायोग समजू नका. लहान लॅबमध्ये चारच पट्ट्या लावल्या जातात, तिथे १ आणि ४ अशा दोन्ही पट्ट्या कडेच्या ठरतात, म्हणजे निम्मी परीक्षा कडेवर. रिकाम्या चौकटीत न वापरलेल्या जुन्या पट्ट्या पाण्याने भरून दोन्ही बाजूंना बसवल्या तर यात बरीच सुधारणा होते. वाचताना त्यांना सॉफ्टवेअरमधून वगळायला विसरू नका.

स्टँडर्डची एक रांग डावीकडे आणि दुसरी उलट क्रमाने ७ व्या किंवा ८ व्या स्तंभात लावणं मला सगळ्यात पटतं. एकही वेल वाढत नाही. दोन्ही रांगांचे वक्र वेगळे काढून एकावर एक ठेवले की प्लेट एकसारखी होती की नाही हे त्याच दिवशी समजतं. कंट्रोलही एक सुरुवातीला, एक शेवटी. कडेचे सगळे ३६ वेल बफर भरून सोडून द्यायचा सल्ला ठिकठिकाणी दिलेला असतो. संशोधनाला ठीक आहे, पण रोजच्या कामात एक तृतीयांशाहून जास्त किट टाकून देणं कोणत्या लॅबला परवडतं?

बाकी उपाय साधे आहेत, फक्त उन्हाळ्यात ते सोडून चालत नाही. प्लेट, बफर, कंज्युगेट, टीएमबी सगळं अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून टेबलावर येऊ द्या. खोली गरम आहे म्हणून पाच मिनिटं पुरतील असं वाटतं, पण बाटलीच्या पोटातला द्राव इतक्यात गरम होत नाही. उलट खोली आणि फ्रिज यांतलं अंतर जेवढं मोठं तेवढी असमानता जास्त. थर्मामीटर भिंतीवर नको, प्लेट ठेवता त्या जागी हवा. दर टप्प्याला नवा सीलर (प्लेटवर चिकटवायचं झाकण) वापरा. ओला टिश्यू ठेवलेल्या झाकणाच्या डब्यात प्लेट ठेवली तर कोरडी हवा आणि झोत दोन्ही टळतात. इन्क्युबेटरमध्ये जाळीवर ठेवण्याऐवजी आधीच ३७ अंशांना आलेला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा आत ठेवून त्यावर प्लेट ठेवा, आणि एकावर एक रचू नका. जमत असेल तर एप्रिल-मेमध्ये एलायझा सकाळपाळीत घ्या. साडेसातला सुरू केलेली प्लेट उन्हं चढायच्या आत वाचून होते.

सुधारणा झाली का हे तपासायला अख्खं किट खर्ची घालायची गरज नाही. जुन्या मुदत संपलेल्या किटची प्लेट असेल तर सगळ्या वेलमध्ये एकच साठवलेला मिश्र सीरम लावा आणि चौकट दिसते का बघा. तेही नसेल तर साध्या रिकाम्या प्लेटमध्ये खूप पातळ केलेला कंज्युगेट सारखा भरा, टीएमबी घाला, ठरलेल्या वेळेला आम्ल घाला. यात अँटिबॉडीचा टप्पाच नाही, त्यामुळे जी आकृती उमटेल ती पिपेट, वेळ आणि तापमान यांचीच. मग तीच आम्ल घातलेली पिवळी प्लेट थोडी हलवून पुन्हा वाचा. पहिलं आणि दुसरं वाचन जुळत नसेल तर रीडर किंवा वेलमधले बुडबुडे बघा.

डावीकडून उजवीकडे चढ किंवा उतार

हे उन्हाळ्याचं दुखणं नाही, बाराही महिने असतं, पण उन्हाळ्यात ठळक होतं. एकेरी पिपेटने ९६ वेल भरायला आठ-दहा मिनिटं सहज जातात. टीएमबी १५ मिनिटांचं, आणि पहिल्या-शेवटच्या वेलमध्ये आठ मिनिटांचा फरक. गरम खोलीत तेवढ्या वेळात रंग कितीतरी पुढे निघून जातो. टीएमबी आणि आम्ल दोन्ही मल्टिचॅनेलने (एका वेळी आठ वेल भरणाऱ्या पिपेटने), त्याच क्रमाने, त्याच वेगाने घाला. टीएमबी स्तंभ १ पासून आणि आम्ल स्तंभ १२ पासून घातलं तर चूक दुप्पट. मल्टिचॅनेल नसेल तर एका वेळी चारच पट्ट्या लावा. मल्टिचॅनेल असेल तर त्याच्या आठही टिप सारख्या बसतात का ते आधी बघा. एकच ओळ, समजा डी, दर प्लेटला खाली दिसत असेल तर दोष त्या चॅनेलच्या रबरी रिंगमध्ये असतो. पिपेट वजनावर तपासा : १०० मायक्रोलिटर पाणी साधारण ०.१ ग्रॅम भरायला हवं.

सगळीच प्लेट मळकट, ब्लँकसुद्धा वर

ब्लँक म्हणजे फेरिटिन न घातलेला वेल. त्यालाही रंग आला तर धुण्याकडे जा. प्रत्येक वेलमध्ये काठोकाठ, म्हणजे सुमारे ३०० मायक्रोलिटर वॉश बफर गेलं पाहिजे आणि पूर्ण निघालं पाहिजे. वॉशरची एखादी सुई तुंबली असेल तर ठरावीक वेलच वर येतात. प्लेट उलटी करून आपटायची ती धागे न सुटणाऱ्या टिश्यूवर. वर्तमानपत्रावर आपटणारे लोक अजून आहेत, त्यांना काय बोलावं.

पाणी बघा. वॉश बफरचा दाट साठा पातळ करायला डीआयोनाइज्ड पाणी लागतं. ते यंत्र उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला गेलं की कुणीतरी नळाच्या किंवा घरगुती फिल्टरच्या पाण्यावर भागवतं. पेंच-कन्हानचं पाणी शुद्ध करताना क्लोरीन घातलेलं असतं, आणि मोकळं क्लोरीन टीएमबीला एन्झाइमशिवायच निळं करू शकतं. चाचणी सोपी आहे : स्वच्छ नळीत थोडं टीएमबी घ्या, त्यात आपलं पाणी टाका, काही मिनिटं थांबा. निळं झालं तर पाण्यात गडबड आहे. पाणी घालण्याआधीच बाटलीतलं टीएमबी निळसर असेल तर तीच कंज्युगेटने बाटलेली आहे. कंज्युगेट ज्या ट्रफमध्ये (पिपेटने उचलायला द्राव ओततात त्या उथळ भांड्यात) ओतलं त्यातच टीएमबी ओतणं, किंवा वापरलेला सीलर पुन्हा लावणं, ही त्याची नेहमीची कारणं. आणि फ्रिजमधल्या दाट बफरमध्ये मीठ खाली बसलं असेल तर कोमट करून पूर्ण विरघळू द्या, मगच पातळ करा. वरचं निथळ पाणी घेतलं तर धुणं नावापुरतंच होतं.

सगळंच फिकं

वरचा स्टँडर्डही खाली असेल तर पेशंटकडे बघण्यात अर्थ नाही. इथे किटवरचा संशय रास्त आहे. २ ते ८ अंशांत राहायला हवा असा खोका दुसऱ्या शहरातून येतो, शनिवारी संध्याकाळी ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतो आणि सोमवारी दुपारी लॅबमध्ये पोचतो. तोवर जेल पॅक कोमट झालेले असतात. खोका उघडताक्षणी आतल्या द्रावाचं तापमान मोजा, फोटो काढा, नोंद करा, आणि शंका असेल तर तो लॉट जुन्या लॉटसोबत एकाच प्लेटवर लावा. आपल्या फ्रिजलाही डेटा लॉगर हवा. रात्री वीज किती वेळ गेली होती हे सकाळी फ्रिजच्या दारावरच्या आकड्यावरून कळत नाही.

आणखी एक कारण : सोडियम अझाइड. बफर टिकावा म्हणून ते घालतात, पण एचआरपी त्याने बंद पडतं. दुसऱ्या कामाचा अझाइडवाला बफर चुकून यात आला की प्लेट पांढरीफटक राहते. डिसेंबर-जानेवारीत फिकी प्लेट आली तर मात्र इतकं खोलात जाऊ नका, थर्मामीटर बघा. सकाळी खोली १५ अंशांवर असते आणि टीएमबीला ठरलेल्या वेळात रंगच चढत नाही.

कुठेही काहीही, म्हणजे नमुना नमुन्याला जुळत नाही असं असेल तर बहुतेक वेळा सीरममध्ये फायब्रिनचे धागे असतात. रक्त पूर्ण गोठायच्या आत सेंट्रिफ्यूज केलेलं असतं. पुन्हा फिरवा, वरचा स्वच्छ भाग घ्या.

प्लेट उत्तम, एकच पेशंट पटत नाही

विदर्भात या प्रकाराची गाठ नेहमी पडते आणि तिचं नाव सिकल सेल, तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याहून येणाऱ्या, वर्षानुवर्षं रक्त चढवलेल्या मुलांचं फेरिटिन आपण लोह साचलंय का हे बघायला करतो. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर मात्र रोज १-२ मिलिग्रॅमच गमावू शकतं, जास्तीचं बाहेर टाकायची त्याच्याकडे सोयच नाही. त्यामुळे फेरिटिन हजारोंत जातं. आणि अशा पेशंटचा रिपोर्ट कधीकधी ३००-४०० येतो. डॉक्टर खूश होतात, लोह काढायचं औषध कमी करायचा विचार सुरू होतो.

नमुना आणि कंज्युगेट एकाच वेळी घालायच्या किटमध्ये हे घडतं. फेरिटिन इतकं जास्त असतं की तळाच्या अँटिबॉडीची सगळी जागा भरते आणि कंज्युगेटचीही स्वतंत्रपणे भरते. दोघांना जोडणारं सँडविच फारसं बनतच नाही, उरलेलं धुऊन जातं, रंग कमी येतो. याला हुक परिणाम म्हणतात. पकडायची खूण अशी : नमुना पातळ केला की आकडा वाढतो. उदाहरणादाखल, न पातळ केलेला ३८०, दहापट पातळ केलेला गुणून २,९००, शंभरपट पातळ केलेला गुणून ४,३००, दोनशेपट पातळ केलेलाही ४,४०० च्या आसपास. शेवटचे दोन जुळले, म्हणजे खरा आकडा तिथे आहे. पहिल्या आकड्यावर सही करायची नाही. ज्या फॉर्मवर सिकल सेल, थॅलेसेमिया किंवा वारंवार रक्त चढवल्याची नोंद आहे तो नमुना सुरुवातीपासूनच दोन पातळ्यांवर लावावा, असं माझं ठाम मत आहे. दोन वेल जास्त जातात, जाऊ द्या. नमुना आधी, मग धुणं, मग कंज्युगेट अशा दोन टप्प्यांच्या किटमध्ये हा धोका बराच कमी असतो. नवं किट घेताना किमतीच्या आधी हे विचारा.

शेवटच्या स्टँडर्डच्या वर गेलेला आकडा सॉफ्टवेअरने वक्र लांबवून दिला असेल तर तोही वापरू नका, पातळ करून पुन्हा लावा. आणि एक्सेलमध्ये सरळ रेषा ओढणाऱ्यांसाठी : एलायझाचा वक्र एसच्या आकाराचा असतो, चार किंवा पाच पॅरामीटरचं समीकरण बसवा, आणि प्रत्येक स्टँडर्डचा आकडा त्याच वक्रावरून परत काढून बघा. आर-वर्ग ०.९९ असूनही खालचा स्टँडर्ड ४० टक्क्यांनी चुकलेला असू शकतो, आणि लोहाच्या कमतरतेचे पेशंट नेमके तिथेच असतात.

सिकल सेलच्या सीरमबद्दल अजून एक. ते लालसर असतं म्हणून नमुना परत मागवायची घाई करू नका. सुई ओढताना पेशी फुटल्या असतील तर पुन्हा रक्त घेऊन उपयोग आहे, पण या आजारात पेशी शरीरातच फुटत असतात, दुसरा नमुनाही तसाच येईल. हिमोग्लोबिन स्वतः पेरॉक्सिडेजसारखं थोडं काम करतं, त्यामुळे अशा नमुन्यांचं धुणं कमी पडलं तर टीएमबीचा रंग खोटा चढतो. धुण्याची एक फेरी वाढवायची असेल तर ती सगळ्या प्लेटला, स्टँडर्डसकट. आणि रिपोर्टवर नमुना लाल होता हे लिहा. ताप, संसर्ग किंवा सिकलचा झटका चालू असेल तर फेरिटिन दाहामुळेही वर जातं, तो प्लेटचा दोष नाही.

पातळ केल्यावर आकडा प्रमाणात उतरत नाही आणि हुकही नाही, असं असेल तर नमुन्यातल्या भलत्याच अँटिबॉडी दोन्ही बाजूंना धरून खोटं सँडविच बनवत असतात. संधिवाताच्या पेशंटमध्ये ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे काम करतो. वेगळ्या प्राण्याच्या अँटिबॉडीचं किट किंवा ब्लॉकर वापरून खात्री करा. किट स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनवर चालणारं असेल तर केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का, हेही पेशंटला विचारा. सँडविच प्रकारात त्याने आकडा खोटा खाली येतो.

आधीच गेलेले रिपोर्ट

दोष कडेचा आणि स्टँडर्डचा निघाला तर त्याच्या आधीच्या प्लेटही त्याच मांडणीत लावलेल्या असतात. जुन्या ओडी फाइल काढा आणि कंट्रोलचा आलेख तारखांप्रमाणे मांडा. तो कुठून खाली सरकायला लागला ते दिसेल. एखादाच बिंदू बाहेर पडलेला शोधू नका. सरासरीच्या एकाच बाजूला सलग बिंदू पडत गेलेत का ते बघा, कंट्रोलचे आकडे पारखायच्या वेस्टगार्डच्या नियमांत याचीच तरतूद आहे. त्या तारखेपासूनचे, १५ च्या अलीकडे-पलीकडे असलेले आणि उणे २० किंवा त्याखाली साठवलेले नमुने नव्या मांडणीत पुन्हा लावा. ज्यांचा निष्कर्ष बदलतो त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, सुधारित रिपोर्ट द्या, जुना रद्द केल्याचं त्यावरच लिहा. किट कंपनीकडे तक्रार करायचीच असेल तर कच्चे ओडी, प्लेटची मांडणी, लॉट क्रमांक, खोका उघडतानाचं तापमान आणि टीएमबी घालताना टेबलावरचं तापमान एवढं सोबत जोडा. शेवटचा आकडा बहुतेक तक्रारींत नसतो, आणि उन्हाळ्यात कंपनीवाले सगळ्यात आधी तोच मागतात.